पाय डोक्याच्या वर गेले का? : कललेल्या गिरकीचा इतिहास

#थ्रेड

१/ १२ फेब्रुवारी २००२. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे हिवाळी ऑलिम्पिक. डियर व्हॅलीच्या उतारावर पुरुषांच्या 'मोगल्स' प्रकाराची अंतिम फेरी सुरू होती. चार वर्षांपूर्वी नागानो येथे सुवर्णपदक मिळवलेला जॉनी मोसली उंचवट्यावरून हवेत झेपावला आणि त्याचे शरीर जमिनीला जवळजवळ समांतर, आडवे झाले. त्या आडव्या अवस्थेतच तो दोनदा गर्रकन फिरला आणि दोन्ही पायांवर उतरला. प्रेक्षकांनी डोंगर दणाणून सोडला. परीक्षकांच्या गुणांत तो चौथा आला.

२/ त्या उडीचे नाव 'डिनर रोल'. तिच्याभोवतीचा वाद एका प्रश्नात मावत होता : ही गिरकी की कोलांटी? मोगल्सच्या तत्कालीन नियमांनुसार कोलांटीला बंदी होती आणि कोलांटीची ओळख सोपी होती. पाय डोक्याच्या वर गेले की ती कोलांटी. मोसलीचे पाय डोक्याच्या पातळीपर्यंत आले, पण वर गेले नाहीत. उडी वैध ठरली. मात्र गुणदानाची पद्धत जुन्या उड्यांसाठी बेतलेली होती. या नव्या उडीला तिच्या अवघडपणाच्या मानाने त्यात फारसे मोल नव्हते. सुवर्णपदक फिनलंडच्या यान्ने लाहटेलाला मिळाले.

३/ पाय आणि डोके यांच्यामधली ही रेघ कोणी आखली? कोलांटीची एवढी धास्ती का होती? आणि त्या रेघेच्या अगदी कडेने जाणारी कललेली गिरकी, जिला आज जगभर 'कॉर्क' म्हणतात, ती माणसे शिकली कशी? या प्रश्नांच्या उत्तरात मोडलेले मणके आहेत, विमा कंपन्या आहेत, स्वीडनमधला स्केटबोर्डचा एक उतार आहे आणि पाण्याने भरलेले तलावही आहेत.

४/ आधी कोलांटीकडे वळू. नॉर्वेचा स्टाइन एरिक्सन हा १९५२ च्या ऑस्लो ऑलिम्पिकमधील जायंट स्लॅलम शर्यतीचा सुवर्णविजेता. त्याचे वडील मारियस १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचे खेळाडू म्हणून उतरले होते. मुलाच्या अंगात वडिलांचे जिम्नॅस्टिक्स आणि डोंगरावरचे स्कीइंग दोन्ही मुरले. पुढे तो अमेरिकेत स्थायिक झाला. तेथील स्की केंद्रांवर रविवारी जमलेल्या गर्दीसमोर तो पायांत स्की बांधून, शरीर ताठ ठेवून पुढच्या दिशेने कोलांटी घेई. पोहण्याच्या तलावात सूर मारावा तशी ती उडी दिसे. स्पर्धा नाही, गुण नाहीत, निव्वळ प्रात्यक्षिक.

५/ साठच्या दशकात हे वेड पसरले. हर्मन गोएलनर याने मागे घेतलेल्या कोलांट्यांची संख्या वाढवत नेली. १९६९ मध्ये 'द मोबियस फ्लिप' नावाचा स्कीइंगचा चित्रपट आला. त्या नावामागची उडी म्हणजे मागे कोलांटी आणि तिच्यातच शरीराला एक पूर्ण पीळ. गणितातल्या मोबियसच्या पट्टीलाही एक पीळ असतो. नाव देणारा रसिक असला पाहिजे.

६/ १९७१ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील वॉटरव्हिल व्हॅली येथे या नव्या खेळाची पहिली व्यावसायिक स्पर्धा झाली. मागोमाग बक्षिसांच्या रकमा आल्या, प्रायोजक आले, दूरचित्रवाणी आली. एकच गोष्ट आली नाही : शिकण्याची व्यवस्था. उडीचा उंचवटा कोणी फावड्याने रचावा, उतरण्याची जागा किती तीव्र असावी, कोणाला कोणती उडी घेऊ द्यावी, यांपैकी काहीच ठरलेले नव्हते. नवी कोलांटी पहिल्यांदा जिथे करून पाहायची ती जागा म्हणजे स्पर्धेचाच उतार.

७/ त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. १९७३ च्या हंगामात उलट्या उड्या घेताना पडलेल्या दोन स्पर्धकांची शरीरे कायमची लुळी पडली. त्यानंतर डोंगरावर वकील आणि विमा प्रतिनिधी आले. अमेरिकेतील स्की केंद्रांनी एकामागून एक उलट्या उड्यांना मनाई करणारे फलक लावले. हे फलक पुढे कित्येक वर्षे टिकले. ज्या रविवारच्या गर्दीने एरिक्सनची कोलांटी पाहून टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच गर्दीतल्या मुलाने आता ती करून पाहिली असती, तर स्कीच्या पासाला मुकला असता.

८/ बंदी घालणाऱ्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मानेवर पडलेल्या माणसाला दुसरी संधी नसते. मात्र बंदीने एक प्रश्न सोडवला नाही : धोका नेमका कशात आहे? हवेत उलटे होण्यात, की कुठे आणि कसे उतरायचे हे माहीत नसण्यात? नियम लिहिणाऱ्यांनी पहिले उत्तर निवडले, कारण ते डोळ्यांना दिसते आणि कागदावर एका ओळीत मांडता येते.

९/ १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने फ्रीस्टाइलला मान्यता दिली आणि सोबत खेळाडूंच्या प्रमाणपत्रांचे व उड्यांचे नियमही आणले. खेळाच्या दोन वाटा झाल्या. 'एरियल्स' या प्रकारात कोलांटीला मोकळीक. तिथे उंचवटे मोजून बांधलेले, उतरणीचा कोन ठरलेला. 'मोगल्स' म्हणजे बर्फाच्या टेंगळांनी भरलेला उतार वेगाने उतरायचा आणि वाटेत दोन उड्या घ्यायच्या. तेव्हा निम्मे गुण वळणांना, पाव उड्यांना, पाव वेगाला असत. या उड्यांत कोलांटी वर्ज्य. मोगल्स १९९२ मध्ये आल्बेरव्हिल येथे आणि एरियल्स १९९४ मध्ये लिलेहामर येथे ऑलिम्पिक पदकांचे प्रकार झाले.

१०/ परिणामी मोगल्सच्या खेळाडूंकडे उड्यांची शिदोरी मोजकीच उरली. हवेत पाय फाकवणे, कमरेत मुरडणे, चालल्यासारखे पाय पुढेमागे नेणे, आणि उभ्याने घेतलेली एक पूर्ण गिरकी, जिला 'हेलिकॉप्टर' म्हणत. नवे काही करायचे तर याच जुन्या चिजा एका उडीत दोन, तीन, चार अशा कोंबायच्या. नव्वदच्या दशकातल्या विशीतल्या मुलांना हे किती कंटाळवाणे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

११/ इथे थोडे शास्त्र. हवेतल्या माणसाचे शरीर तीन तऱ्हांनी फिरू शकते. डोक्यापासून टाचेपर्यंतच्या उभ्या अक्षाभोवती फिरले की गिरकी. एका कुशीतून दुसऱ्या कुशीत जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवती फिरले की कोलांटी. पोटातून पाठीत जाणाऱ्या अक्षाभोवती फिरले की हातांवर न टेकता घेतलेले चक्र. कललेली गिरकी यांपैकी एकही शुद्ध नाही. तीत गिरकी आणि कोलांटी एकाच झेपेत मिसळलेल्या असतात. बाटलीचे बूच काढायच्या मळसूत्राला इंग्रजीत कॉर्कस्क्रू म्हणतात; त्यावरून 'कॉर्क'.

१२/ दिसायला ती डुलणाऱ्या भोवऱ्यासारखी दिसते. कारण मात्र निराळे. भोवरा जमिनीवर टेकलेला असतो. स्कीपटू कशालाच टेकलेला नसतो. पाय उंचवट्यावरून सुटले की बाहेरून कोणी त्याला आणखी फिरवू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. फिरण्याचा जेवढा साठा, म्हणजे भौतिकशास्त्रातला कोनीय संवेग, त्याने उडताना घेतला, तेवढ्यावरच उतरेपर्यंत भागवायचे. हातपाय जवळ घेऊन वेग वाढवता येतो, पसरून कमी करता येतो. साठा तोच राहतो.

१३/ एरियल्सचे खेळाडू या साठ्याशी चतुराईने खेळत. ते सरळ कोलांटी घेऊन निघत आणि हवेत गेल्यावर एक हात वर, दुसरा खाली नेत. शरीर किंचित कलते आणि कोलांटीच्या साठ्यातूनच पीळ जन्माला येतो. क्लिफ फ्रोलिच या भौतिकशास्त्रज्ञाने १९८० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कोलांटी आणि पीळ यांचे हे गणित सामान्य वाचकांसमोर मांडले. या मार्गाचे टोक पाहायचे तर २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये जेरेट पीटरसनने घेतलेली उडी पाहावी : तीन कोलांट्या, पाच पीळ, रौप्यपदक.

१४/ कॉर्क घेणारा ही वाट धरत नाही. तो गिरकीचा आणि कलण्याचा निर्णय पाय सुटण्यापूर्वीच घेतो. उंचवट्याच्या कडेवर शरीराला पीळ देतानाच एक खांदा खाली सोडतो, डोके त्या बाजूला नेतो. हे सारे डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात. खांदा कमी पडला तर साधी उभी गिरकी होते. जास्त पडला तर पाय डोक्यावर जातात आणि अंग पाठीवर येते. चूक कडेवर होते, कळते हवेत, आणि दुखते खाली.

१५/ शिकणाऱ्याला आणखी एक अडचण येते ती डोळ्यांची. मागे घेतलेल्या साध्या कोलांटीत उतरण्याची जागा ठरावीक क्षणी समोर येते. उभ्या गिरकीत क्षितिज आडवे सरकत राहते. कललेल्या गिरकीत क्षितिजच तिरके होते, कधी आभाळ तर कधी बर्फ डोळ्यांसमोरून तिरपे धावते. आपण कुठे आहोत हे आतल्या कानाने सांगितलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले जुळत नाही. म्हणून हा प्रकार धाडसापेक्षा सवयीचा आहे. आणि सवय लागायला शेकडो वेळा पडण्याची सोय हवी.

१६/ ही गिरकी बर्फावर आली ती चाकांवरून. १९८४ च्या उन्हाळ्यात अमेरिकी स्केटबोर्डपटू माइक मॅकगिलने स्वीडनमधील एका शिबिरात दीड गिरकी आणि उलटी झेप यांचा मेळ घातला. 'मॅकट्विस्ट' या नावाने ती प्रसिद्ध झाली. स्नोबोर्ड चालवणाऱ्यांनी ती उचलली आणि बर्फाच्या अर्ध्या नळीसारख्या खंदकात, म्हणजे हाफपाइपमध्ये, आणली. त्यांच्यावर जुन्या स्की महासंघाच्या संस्कारांचे ओझे नव्हते. काही डोंगरांवर तर त्यांना सुरुवातीला प्रवेशच नव्हता. नियम पाळण्याचा प्रश्न त्यामुळे पुढचा.

१७/ १९९७ चा उन्हाळा. कॅनडाच्या व्हिस्लर येथील ब्लॅककोम पर्वताच्या हिमनदीवर उन्हाळ्यातही बर्फ असे. तिथे मोगल्सचे प्रशिक्षक माइक डग्लस आणि क्युबेक प्रांतातले तीन तरुण, जेपी ऑक्लेर, जेएफ कुसाँ आणि व्हिन्सेंट डोरिओन, एकत्र होते. शेजारच्याच उंचवट्यांवर स्नोबोर्डवाले कललेल्या गिरक्या घेत होते. जे एका फळीवर होते ते दोन स्कींवर का होऊ नये, हा प्रश्न पडायला फार बुद्धी लागत नाही. तो विचारून लगेच उडी मारायला मात्र छाती लागते.

१८/ या चौकडीला पुढे 'न्यू कॅनेडियन एअर फोर्स' असे गमतीचे नाव पडले. त्यांनी स्कींवर कललेल्या गिरक्या बसवल्या. मग ध्यानात आले की पायातले साधनच आडवे येते. तेव्हाच्या स्कीचे पुढचे टोक वर वळलेले, मागचे सपाट. दीड किंवा अडीच गिरक्यांनंतर माणूस पाठमोरा उतरतो आणि मागचे सपाट टोक बर्फात रुतते. डग्लस यांनी दोन्ही टोके वळलेल्या स्कीची कल्पना कंपन्यांपुढे ठेवली. नकार आले. अखेर सालोमॉन कंपनीने होकार दिला आणि १९९८ मध्ये 'टेनएटी' ही स्की बाजारात आली. १०८० म्हणजे तीन पूर्ण गिरक्यांचे अंश. स्कीच्या नावातच उडीचे माप होते.

१९/ अमेरिकेत जेसन लेव्हिंथल यांची 'लाइन' ही कंपनी त्याच सुमारास आखूड, दोन्ही टोके वळलेल्या स्की बनवत होती, हेही नोंदवले पाहिजे. शोधाचे श्रेय एकाच हिमनदीला देऊन इतिहास सोपा करण्यात अर्थ नाही. तरी टेनएटीनंतर चित्र झपाट्याने पालटले. १९९९ पासून हिवाळी 'एक्स गेम्स'मध्ये स्कीइंगचा 'बिग एअर' प्रकार आला. कोलांटी की गिरकी, हा हिशेब तिथे कोणी विचारत नव्हते.

२०/ आता पुन्हा २००२ च्या डियर व्हॅलीवर. मोसली काय करत होता ते या पार्श्वभूमीवर कळते. बाहेर घडलेली क्रांती तो नियमांच्या चौकटीत, पाय डोक्याच्या नेमके खाली ठेवून, आत आणू पाहत होता. नियतीचा विनोद असा की डियर व्हॅलीच्या स्कीइंगचे संचालक तेव्हा स्टाइन एरिक्सन होते. रविवारच्या गर्दीसमोर कोलांट्या घेणारा माणूस ज्या डोंगराचा मानकरी, त्याच डोंगरावर कोलांटी निषिद्ध. या ऑलिम्पिकनंतर ती बंदी फार टिकली नाही. २००६ च्या ट्यूरिन ऑलिम्पिकपर्यंत उलट्या आणि कललेल्या उड्या मोगल्समध्ये रुळल्या होत्या.

२१/ नियम बदलला याचे कारण केवळ मोसली नव्हे. दरम्यानच्या तीस वर्षांत शिकण्याची व्यवस्था उभी राहिली होती. १९७३ मध्ये जे नव्हते ते आता होते. सर्वांत आधी ट्रॅम्पोलिन : कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना लवचीक दोर, आणि प्रशिक्षकाच्या हाती ते दोर. सूर मारणारे आणि जिम्नॅस्ट ही पद्धत आधीपासून वापरत होते. इथे शिकणारा स्कीशिवायच खांदा किती सोडायचा ते शोधतो. चुकला तर दोर त्याला हवेतच तोलतो.

२२/ दुसरी सोय पाण्याची. लेक प्लॅसिड, पार्क सिटीजवळचे युटा ऑलिम्पिक पार्क अशा ठिकाणी उन्हाळ्यात कृत्रिम आच्छादन घातलेल्या उतारावरून स्की घालूनच घसरत यायचे आणि उंचवट्यावरून तलावात झेप घ्यायची. अंगात ओला सूट, तरंगणारे जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण. तलावाच्या तळातून हवा सोडून पाण्याला बुडबुड्यांनी फेसाळ केले जाते, म्हणजे पृष्ठभाग मऊ होतो. एरियल्सच्या खेळाडूला नवी उडी आधी पाण्यावर सिद्ध करावी लागते आणि मगच ती बर्फावर करण्याची मुभा मिळते. १९७१ च्या शूरांना हा शिरस्ता ऐकून हसू आले असते. १९७३ नंतर आले नसते.

२३/ तिसरी सोय फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्याची आणि चौथी हवा भरलेल्या प्रचंड गादीची. खड्डा माणसाला गिळून टाकतो. स्की त्यात अडकतात आणि पुन्हा वर यायला वेळ लागतो. गादीचा अवतार हळूहळू सुधारला. आज ती उताराच्याच आकारात पसरलेली असते, त्यामुळे तिच्यावर उतरून पुढे घसरतही जाता येते. दिवसाला एका उडीऐवजी वीस उड्या होतात. गिरक्यांचे आकडे गेल्या दोन दशकांत ज्या वेगाने चढले त्यामागे खेळाडूंच्या धाडसाइतकाच या गाद्यांचा वाटा आहे.

२४/ पण गादीत एक खोट आहे. ती प्रत्येकाला माफ करते. पन्नास वेळा गादीवर थोडा कमी फिरून उतरलेल्या मुलाला आपली उडी बसली असे वाटू लागते. बर्फ तेवढ्याच कमतरतेला घोटा किंवा मान मागतो. शिवाय गादी उडी शिकवते, उतरण्याची जागा शिकवत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतले माँट हबर्ड यांनी वर्षानुवर्षे हाच मुद्दा मांडला : उतरणीचा आकार असा घडवता येतो की कुठेही पडले तरी उभ्या दिशेचा आघात मर्यादेतच राहील. सपाट जागी उतरणे म्हणजे गच्चीवरून उडी मारणे. तेवढ्याच उंचीवरून तीव्र उतारावर उतरणे म्हणजे काही पायऱ्या उतरणे.

२५/ २००९ मध्ये स्नोबोर्डपटू शॉन व्हाइटसाठी कोलोरॅडोतील सिल्व्हर्टन येथे प्रायोजकाने दुर्गम डोंगरात खासगी हाफपाइप आणि फोमचा खड्डा बांधून दिला. तिथे त्याने दुहेरी कॉर्क बसवला, म्हणजे एका उडीत दोनदा कलून डोके खाली. प्रतिस्पर्ध्यांना मागे राहून चालणार नव्हते. ३१ डिसेंबर २००९ रोजी पार्क सिटीच्या हाफपाइपमध्ये केव्हिन पीअर्स दुहेरी कॉर्कचा सराव करताना डोक्यावर आपटला. तो वाचला, पण मेंदूच्या इजेमुळे त्याची स्पर्धात्मक कारकीर्द संपली. दीड महिन्याने व्हाइटने व्हँकुव्हरमध्ये 'डबल मॅकट्विस्ट १२६०' घेऊन सुवर्णपदकावर शिक्कामोर्तब केले. दोन्ही प्रसंग एकाच उडीच्या इतिहासाचे आहेत.

२६/ त्याच पार्क सिटीत, १० जानेवारी २०१२ रोजी, कॅनडाची सारा बर्क सराव करत होती. स्पर्धेत १०८० अंशांची गिरकी पूर्ण करणारी ती पहिली महिला. हाफपाइप स्कीइंग ऑलिम्पिकमध्ये यावे म्हणून तिने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता आणि एप्रिल २०११ मध्ये ती मागणी मान्य झाली होती. त्या दिवशीची उडी होती ५४० अंशांची कललेली गिरकी, 'फ्लॅटस्पिन'. तिच्यासारखीला ती नित्याची होती. पाहणाऱ्यांना ते पडणे फार भयंकरही वाटले नाही. मानेतील मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली होती. १९ जानेवारीला ती गेली. वय २९.

२७/ तो कार्यक्रम प्रायोजकाचा होता. राष्ट्रीय संघटनेचे विमाछत्र त्याला लागू नव्हते. अमेरिकन रुग्णालयाच्या खर्चासाठी लोकांनी तीन लाख डॉलरांहून अधिक वर्गणी जमवली. चाळीस वर्षांपूर्वी विम्याच्या भीतीने कोलांटी बंद झाली होती. आता कोलांटी खुली होती. विमा मात्र नेमक्या वेळी जागेवर नव्हता.

२८/ फेब्रुवारी २०१४, सोची. महिलांच्या हाफपाइप स्कीइंगची पहिली ऑलिम्पिक अंतिम फेरी. खंदकाची डागडुजी करणारे कर्मचारी स्कींवरून खाली येताना हृदयाच्या आकाराची रांग करून उतरले. अमेरिकेच्या मॅडी बोमनने सुवर्णपदक जिंकले आणि ते बर्कला अर्पण केले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस ब्लॅककोमच्या चौकडीतला जेपी ऑक्लेर पॅटागोनियात हिमस्खलनात सापडून गेला. तो गेला तेव्हा दोन्ही टोके वळलेली स्की ही दुकानातली सर्वसाधारण वस्तू झाली होती.

२९/ ८ फेब्रुवारी २०२२, बीजिंग. शोउगांग येथील जुन्या पोलाद कारखान्याच्या आवारात, शीतक मनोऱ्यांच्या शेजारी महिलांची बिग एअरची अंतिम फेरी. फ्रान्सच्या टेस ल्यदू हिने पहिल्याच उडीत दुहेरी कॉर्क १६२० पूर्ण केला : साडेचार गिरक्या, त्यात दोनदा कलणे, आणि पाठमोरे उतरणे. महिन्याभरापूर्वीपर्यंत कोणत्याही महिलेने स्पर्धेत हे केले नव्हते. ज्या पहिलीने केले ती हीच. शेवटच्या उडीपूर्वी चीनकडून खेळणारी अठरा वर्षांची आयलीन गू तिच्या मागे होती.

३०/ गूने वर उभ्या उभ्या आईला फोन केला. आईचा सल्ला व्यवहारी होता : ठाऊक असलेली १४४० घे, रौप्यपदक नक्की. गूने दुहेरी कॉर्क १६२० निवडला, तोही डाव्या बाजूने. स्पर्धेत ती उडी तिने कधी घेतली नव्हती. मनात मात्र अनेकदा पाहिली होती.

३१/ कडेवर डावा खांदा खाली गेला. पाय दोनदा डोक्याच्या वर गेले आणि ते मोजायला तिथे कोणी बसलेले नव्हते. ती पाठमोरी उतरली, तोल सावरला आणि उतार संपताना गुडघ्यांवर बसली. ९४.५० गुण. एकूण १८८.२५ विरुद्ध ल्यदूचे १८७.५०. ल्यदू हमसून रडत होती. गू आणि कांस्यपदक मिळवलेली स्वित्झर्लंडची माथिल्ड ग्रेमो तिच्याजवळ जाऊन बसल्या.